बुडणाऱ्या गावानं आधी टेलच्या गावाला जावं

मराठवाड्यात राहून पाण्याच्या प्रकल्पाला विरोध करणं लई अवघड आहे, हे आधीच कबूल करतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, अशा मुलखात उभं राहून कुणी 'हे धरण नको' म्हणलं की समोरचा माणूस जरा गप्पच होतो. माझ्या चुलतभावानं लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "कामून रे, तुम्हाला पाणी नको का?" तो रागात नव्हता, खरंच विचारत होता, त्याच्या गावात फेब्रुवारीपासून टँकर चालू होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज द्यायचा प्रयत्न करतो, कारण माझं म्हणणं असं की जी संघर्ष समिती ह्या एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही ती कितीही मोर्चे काढू दे, हरणारच.

आपल्याकडं समित्या कशा बनतात बघा. मोजणीवाले येतात, शेतात दगड रोवतात, चुन्याचे पट्टे मारतात, आणि मग एके रात्री मारुतीच्या मंदिरात बैठक बसते. अध्यक्ष ठरतो, तो बहुतेक वेळा जास्त जमीनवाला. मग तहसीलवर मोर्चा, निवेदन, पेपरात फोटो. सगळं बुडणाऱ्या गावातच होतं, शेजारच्या तालुक्याला वाटतं हा ह्यांचा मावेजाचा, म्हणजे जमिनीच्या मोबदल्याचा, विषय आहे, वाढवून मिळाला की गप्प बसतील. आणि खरं सांगायचं तर सरकारलाही तेच सोयीचं असतं, कारण मावेजाचं भांडण एकेका घरात जाऊन मिटवता येतं. पहिल्यांदा ज्याला पोरीच्या लग्नाची घाई आहे तो सही करतो, मग त्याचा भाऊ, मग अर्धी गल्ली, आणि वर्षभरात मंदिरातल्या बैठकीला चौघंच उरतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

म्हणून समिती बनली की तिची दुसरी बैठक बुडणाऱ्या गावात घेऊच नका. ज्या गावाला पाणी देऊ म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखादं धरण झालं आणि ज्याला ते पाणी अजून नीट पोचलं नाही अशा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावात घ्या.

आम्ही तेच केलं. आमच्या भागातले सहा जण, त्यातल्या दोन बायका, एक जीप करून परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला गेलो. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, 102 टीएमसीचं धरण, डावा कालवा 208 किलोमीटर लांब. शाळेत हे आकडे आम्ही पाठ केलेले. पण कालव्याच्या शेपटाला शेतात पाणी नेणारी जी लहान पोटचारी असते तिथं उभं राहिल्यावर आकड्यांचा अर्थ वेगळाच लागतो. त्या चारीत बाभळी वाढल्या होत्या, गाळानं चारी रानाच्या पातळीला आली होती, आणि एका जागी तर शेतकऱ्यानं तिच्यातच तूर पेरली होती. साठीचा माणूस होता. म्हणला, "ह्या चारीला माझ्या बापानं जमीन दिली. मावेजा मिळाला, पाणी नाही मिळालं. वरच्यांचं भिजलं की आवर्तन, पाण्याची पाळी, संपतं." मग आमच्यातल्या एका मावशीनं त्याला विचारलं, "मंग दादा, आमचं गाव बुडवून जे पाणी आडवणार हायेत ते तरी तुमच्यापस्तोर येणार का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्यानंच गावातली धा-बारा माणसं गोळा केली आणि चहा झाला तेव्हा तीच माणसं आम्हाला सांगत होती की कालव्याची दुरुस्ती कशी झाली नाही, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांच्या जागा कशा भरल्या नाहीत, पाणीवापर संस्था कागदावर कशी आहे.

त्या दिवशी मला चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आम्हाला पाणी पाहिजे, त्यालाही पाहिजे, टेलच्या त्या माणसालाही पाहिजे, आणि आम्ही तिघंही एकाच ठिकाणी फसवले गेलोय. महाराष्ट्रात देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं आहेत, तरी 2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून जी गोष्ट बाहेर आली तिच्यावरून अख्खं राज्य हादरलं होतं, की दहा वर्षांत सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च होऊन सिंचनाची टक्केवारी जेमतेम 0.1 नं वाढली. त्या आकड्यावर पुढं खूप वाद झाले, श्वेतपत्रिका निघाली, राजकारण झालं. पण टेलच्या शेतकऱ्याला कुठलीच श्वेतपत्रिका नको, त्याच्या चारीत बाभूळ उभी आहे.

आता कायद्याचं. लोकांना वाटतं कायदा म्हणजे वकिलाचं काम, तसं नाही, समितीतल्या दोन पोरांनी तरी हे वाचलंच पाहिजे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. त्यात म्हणलंय की आधी राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार करा, नवे प्रकल्प त्या आराखड्यात बसतात का बघा आणि मगच मान्यता द्या. आराखडा वर्षानुवर्षं झालाच नाही, आणि मान्यता मात्र वाटणं चालू राहिलं. छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीतून, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून, निवृत्त झालेले प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी 2014 मध्ये हायकोर्टात जनहित याचिका केली तेव्हा हे उघड्यावर आलं, दोनशेच्या जवळपास प्रकल्प आराखड्याशिवाय मंजूर केलेले निघाले. एका निवृत्त मास्तरानं कायदा नीट वाचला आणि सगळ्या खात्याला आराखडा करायला बसवलं. ह्याच्यात मला लई मोठा धीर वाटतो. आपल्या तालुक्यातल्या प्रकल्पाची प्रशासकीय मान्यता कधीची, सुधारित मान्यता किती वेळा झाली, पाणी उपलब्धतेचा दाखला कुठल्या वर्षीचा आहे, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात टाकले तरी अर्धी लढाई कागदावर येते.

निम्न पैनगंगा धरणाचं उदाहरण घ्या. पैनगंगा म्हणजे विदर्भ-मराठवाड्याची शीव, एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला आमचा नांदेड जिल्हा, किनवट-माहूर. 1997 ला मान्यता मिळाली तेव्हा खर्च 1402 कोटी होता, 2009 ला तो 10 हजार 429 कोटींवर गेला, बारा वर्षांत सात पटीच्या वर. काठावरची गावं, समितीच्या हिशोबानं 95, तेव्हापासून भांडतायत. आणि ह्या लढ्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही, की समिती नदीच्या दोन्ही काठांची आहे. विदर्भ-मराठवाडा हा अनुशेषाचा, निधीचा, नोकऱ्यांचा जो कायमचा वाद आहे तो बाजूला ठेवून गोंड, कोलाम, बंजारा, मराठा, दलित अशी सगळी माणसं एकत्र बसतात. किनवट-माहूरच्या बऱ्याच गावांना पेसा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथं जमीन घ्यायची तर ग्रामसभेला विचारावं लागतं, आणि ग्रामसभेचा ठराव रजिस्टरमध्ये तारखेसकट, सह्या-अंगठ्यांसकट असेल तर तो कुणालाही सहज पुसता येत नाही. ठराव कोऱ्या कागदावर लिहून झेरॉक्स वाटणाऱ्या समित्या मी बघितल्यात, त्याचा काही उपयोग होत नाही. रजिस्टर पाहिजे.

आणि लेंडी. ह्या विषयावर शांतपणे लिहिता येत नाही. नांदेडच्या मुखेड तालुक्यातला लेंडी धरण प्रकल्प 1980 च्या दशकापासून चालू आहे, एक पिढी 'गाव उठणार, गाव उठणार' ऐकत म्हातारी झाली. घर दुरुस्त करायचं नाही कारण गाव उठणार, पोराला सोयरीक येत नाही कारण गाव उठणार. पुनर्वसन अर्धवट आहे अशी गावकऱ्यांची तक्रार असताना 2025 ला घळभरणी झाली, म्हणजे धरणाच्या भिंतीत नदीसाठी ठेवलेली मोकळी जागा बुजवली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळ, रावणगावला रात्रीतून पाण्यानं वेढलं, हसनाळमध्ये माणसं गेली, जनावरं दावणीला मेली. आधी पुनर्वसन मग धरण ही घोषणा महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांनी पन्नास वर्षांपूर्वी दिली, तिच्यातूनच 1976 चा पुनर्वसन कायदा झाला, आणि आपण 2025 ला अजून त्याच जागी आहोत. कुणी म्हणेल पाऊसच तसा होता. पाऊस होताच. पण घळ भरायची का नाही आणि कधी भरायची, ते काही पावसानं ठरवलं नव्हतं.

आता गावात बसून नेमकं काय करायचं. माझ्या मते पहिलं काम गावाच्या पाण्याची वही. आमच्याकडं हे एका बाईनं सुरू केलं, पोराच्या जुन्या शाळेच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर. कुणाची विहीर, किती परस खोल, संक्रांतीला पाणी किती, होळीला किती, कुठल्या महिन्यात तळ लागतो, बोअर किती फुटावर, नाल्यातला डोह कधी आटतो, बंधाऱ्याच्या फळ्या कधी टाकल्या का नाही टाकल्या. हे पुरुषांना विचारलं तर 'उन्हाळ्यात आटतं' एवढंच सांगतात. पाणी वाहणाऱ्या बाईला आठवडा माहीत असतो. तीन महिन्यांत वही भरली आणि पर्यावरण जनसुनावणीला ती घेऊन आम्ही गेलो. प्रकल्पाच्या अहवालात गावचं वर्णन दोन ओळींत होतं, कोरडवाहू म्हणून, आणि आमच्या वहीतल्या निम्म्या विहिरीसुद्धा त्यात नव्हत्या. ती बाई उठली, माईक नीट धरता येत नव्हता, एकेक विहीर नावानं वाचत गेली. वीस मिनिटं लागली. कुणी मधे बोललं नाही. ते सगळं इतिवृत्तात आलं.

जनसुनावणीबद्दल आपल्याकडं फार गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. सिंचन प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्यातलं सामाजिक परिणामांचं मूल्यांकन त्याला लागू होत नाही, ही सूट कायद्यातच लिहून ठेवली आहे. म्हणजे ज्या प्रकल्पात सगळ्यात जास्त गावं उठतात त्यालाच ती पायरी नाही. मग उरते काय, तर ही जनसुनावणी. तिची नोटीस कमीत कमी 30 दिवस आधी पेपरात द्यावी लागते, एक स्थानिक भाषेतला पेपर धरून. अहवालाचा सारांश मराठीत बघायला मिळाला पाहिजे. आणि हे नीट लक्षात ठेवा, सुनावणीला कोरम नाही. बहिष्कार टाकून तुम्ही घरी बसलात तरी चार माणसांत सुनावणी होऊ शकते आणि ती कायदेशीर ठरू शकते. मला बहिष्काराचा राग समजतो, मीपण तरुणपणी बहिष्कारवालाच होतो, पण आता मी प्रत्येक समितीला सांगतो की जा, गर्दीनं जा, शेवटी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवायला लावा, तो नियमच आहे, आणि आपलं म्हणणं त्यात आल्याशिवाय उठू नका.

दुसरं, बैठकांची वेळ. मराठवाड्यात दसरा झाला की अर्धं गाव, तांडे तर जवळजवळ सगळे, ऊसतोडीला जातात. नोव्हेंबर ते एप्रिल गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. आणि नेमकी ह्याच काळात मोजणी येते, नोटिसा चिकटवल्या जातात, सुनावण्या लागतात. मुद्दाम होतं का माहीत नाही, पण होतं. म्हणून ज्याला खरंच संघटना बांधायची त्यानं पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत बांधून घ्यावी, प्रत्येक टोळीतल्या एकाचा नंबर घ्यावा, आणि नोटीस आली की फोटो त्या दिवशीच कारखान्याच्या कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीवर, पोचला पाहिजे.

आणि ह्याच माणसांना समितीत जागा पाहिजे. भूमिहीनाला मावेजा काय मिळणार, त्याचं तर सातबारावर नावच नाही. गाव उठलं की त्याची मजुरी जाते, गायरानातलं सरपण जातं, उधारी देणारा दुकानदार जातो. मेंढपाळाचं कुरण जातं, मासेमाराचा डोह जातो. ह्यांना बाजूला ठेवून जमीनवाल्यांची समिती केली की प्रकल्पाची बाजू घेणारे पहिल्यांदा ह्यांच्याकडंच जातात, 'काम देऊ' म्हणतात, आणि गाव मधोमध फुटतं. दोष त्या मजुराचा नसतो.

शहरातल्या पर्यावरणवाल्यांबद्दल दोन शब्द. ते लागतात. अहवाल वाचायला, पाण्याचा हिशोब तपासायला, कोर्टात जायला लागतात. नाथसागरावरच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावरच्या, तरंगत्या सोलर प्रकल्पाच्या वेळी पक्षीमित्रांनी अभयारण्याचा मुद्दा मांडला, कहार समाजाच्या मासेमारांनी पोटाचा मांडला आणि हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. 2024 ला तिथं फेटाळलं, मे 2025 ला सुप्रीम कोर्टानंही फेटाळलं. म्हणून मासेमारांचा प्रश्न खोटा ठरत नाही. पण मला त्यातून एवढं दिसतं की कोर्टाच्या दारात जायच्या आधी काठावर जेवढी माणसं उभी असतील तेवढंच आपलं बळ, तारीख पडायला लागल्यावर माणसं गोळा होत नाहीत. आणि शहरातल्या मित्रांना माझी हात जोडून विनंती, पत्रकार परिषदेत माईक गावकऱ्याला द्या. तो मुद्दा सोडून बोलला तरी चालेल.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, 'मग पाणी आणायचं कुठून?' हा टाळून चालत नाही. मी प्रत्येक बंधाऱ्याच्या विरोधात नाही. गोदावरीवरच्या बाभळीच्या बंधाऱ्यासाठी नांदेडच्या लोकांनी किती वर्षं काढली, 2013 ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली तेव्हा मीही पेढे वाटले. वरच्या धरणांनी जायकवाडीला हक्काचं पाणी सोडावं ह्यासाठी कुणीही आंदोलन केलं तर मी जाईन. पण वॉटर ग्रीडसारखी योजना, की मराठवाड्यातली 11 धरणं पाईपनं एकमेकांना जोडायची, हजारो कोटी घालायचे, तिच्यापुढं माझा एकच प्रश्न आहे, 2016 ला जेव्हा जायकवाडी मृतसाठ्यात होतं आणि लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं होतं तेव्हा कुठल्या धरणातून कुठल्या धरणात काय नेणार होतात? पाईप पाणी वाहून नेतो, तयार करत नाही. आणि असलेलं पाणी कुठं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. 1999 ला राज्याच्या जल व सिंचन आयोगानं, म्हणजे चितळे आयोगानं, तुटीच्या खोऱ्यांत उसाबद्दल बजावलं, 2019 ला विभागीय आयुक्त कार्यालयाच्या अहवालानं मराठवाड्यात ऊस बंद करा असं सरळ सुचवलं. दोन्ही अहवाल कपाटात आहेत आणि ऊस रानात आहे. मी उसवाल्या शेतकऱ्याला शिव्या देत नाही, सोयाबीनला भाव नाही, कापसाला बोंडअळी, त्याला उसाचीच शाश्वती वाटते. त्याला दुसऱ्या पिकाचा भाव द्या आणि मग बोला.

जालना जिल्ह्यात कडवंची नावाचं गाव आहे. तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली, पडलेला पाऊस अडला आणि त्याच्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. सगळ्या गावांची जमीन तशी नाही, शेततळी भरायला भूजल उपसलं तर तोही घात आहे, हे कबूल. पण एक अख्खं गाव न उठवता पाणी उभं करता येतं हे आपल्याच मराठवाड्यात दिसलंय. त्यामुळं नव्या धरणाची निविदा काढायच्या आधी जुन्या कालव्याच्या टेलला पाणी पोचवून दाखवा, एवढी मागणी आम्ही करतो. ही मागणी बुडणाऱ्या गावाची आहे आणि चारीत तूर पेरणाऱ्या त्या माणसाचीही आहे. दोघांनी मिळून ती केली की 'तुम्हाला पाणी नको का' हा प्रश्न विचारायला कुणाला तोंड राहत नाही.

त्या टेलच्या गावातले आठ जण पोळा झाला की आमच्याकडं येणार आहेत. मंदिरात झोपतील, सकाळी त्यांना बुडीत रेषेचे दगड दाखवायचे आहेत. एक दगड त्या वहीवाल्या बाईच्या अंगणात आहे, ती त्याच्यावर उन्हाळ्यात खारोड्या वाळवते. त्यांच्याकडच्या चाऱ्यांची वही त्यांनीही सुरू केली आहे, ती घेऊन या म्हणून सांगितलंय. दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकच निवेदन लिहायचं आहे, आणि चुलतभावालाही बोलावलं आहे. तो येतो म्हणलाय.